मूल परदेशी निघालंय, दोन्ही पालक सोबत नाहीत: संमतीपत्र कसं तयार करायचं

इमिग्रेशनच्या काउंटरवर बसलेल्या अधिकाऱ्याला तुमच्या घरातलं काहीच ठाऊक नसतं. समोर एक मूल आणि एक मोठं माणूस उभं असतं, दोघांची आडनावं कदाचित वेगळी असतात, आणि मागे रांग वाढत असते. त्याला दोन-तीन मिनिटांत तीन गोष्टी कळायला हव्या असतात. हे मूल कोणाचं, सोबतचं माणूस त्याचं कोण, आणि जे पालक इथे नाहीत त्यांना हा प्रवास माहीत आहे का? संमतीपत्र या तीन प्रश्नांना उत्तर देतं. पत्र लिहिताना हा वाचक नजरेसमोर ठेवला की काय घालायचं आणि काय गाळायचं हे बरंचसं ठरून जातं.

कधी लागतं?

मूल एकटं जात असेल, आजी-आजोबा किंवा मावशी-काकांबरोबर जात असेल, शाळेच्या किंवा खेळाच्या चमूबरोबर जात असेल, तर दोन्ही पालकांच्या सह्यांचं पत्र हवं. एकाच पालकाबरोबर जात असेल तर दुसऱ्याचं. "आईबरोबरच तर चाललाय, पत्र कशाला?" हा प्रश्न नेहमी येतो. पण मुलाला परस्पर दुसऱ्या देशात नेऊन ठेवणारं माणूस बहुतेक वेळा आईवडिलांपैकीच एक असतं. हेगचा १९८० चा बाल-अपहरणविषयक करार मुख्यतः अशाच प्रकरणांसाठी झाला. त्यामुळे एका पालकाबरोबरचा प्रवासही अधिकारी बारकाईने पाहतात.

दोन्ही पालक सोबत असतील तर पत्राची गरज नसते. आडनावं जुळत नसतील तर जन्मदाखल्याची प्रत मात्र जवळ ठेवा.

कोणाचा नियम पाहायचा?

सगळे फक्त जिथे उतरायचं त्या देशाचा नियम बघतात. खरं तर चार ठिकाणी पाहायला हवं: जिथून निघायचं तो देश, जिथे उतरायचं तो, मधे विमान बदलताना जिथे इमिग्रेशन पार करावं लागेल तो, आणि मुलाचं नागरिकत्व ज्या देशाचं आहे तो. दुहेरी नागरिकत्व असेल तर दोन्ही. पाचवा नियम विमान कंपनीचा, आणि तो सरकारी नियमापेक्षा कडक असू शकतो.

देशोदेशीचे नियम किती वेगळे असतात ते पाहा. फ्रान्समध्ये राहणारं अठराच्या आतलं मूल पालकाशिवाय देशाबाहेर जात असेल तर १५ जानेवारी २०१७ पासून सरकारी नमुन्यातला परवाना भरावा लागतो. त्यावर एका पालकाची सही पुरते, सोबत त्या पालकाच्या ओळखपत्राची प्रत जोडायची, आणि तो जास्तीत जास्त एक वर्ष चालतो. इथे साधं हाताने लिहिलेलं पत्र चालत नाही. ब्राझीलमध्ये राहणारं ब्राझिलियन मूल एका पालकाबरोबर निघालं तर दुसऱ्या पालकाची सही प्रमाणित केलेला परवाना लागतो, तोही दोन मूळ प्रतींत, कारण त्यातली एक सीमेवरचे पोलीस ठेवून घेतात. त्या परवान्यात मुदत लिहिली नसेल तर तो दोन वर्षांसाठी धरला जातो. दक्षिण आफ्रिकेने १ जून २०१५ पासून मुलांच्या कागदपत्रांचे कडक नियम आणले आणि २०१९ मध्ये पालकांसोबत येणाऱ्या परदेशी मुलांसाठी ते सैल केले. एकट्याने येणाऱ्या मुलाला मात्र पालकांच्या संमतीबरोबर तिथे उतरवून घेणाऱ्या व्यक्तीचं पत्र, पत्ता आणि ओळखपत्राची प्रतही दाखवावी लागते. फिलिपिन्समध्ये पंधरा वर्षांखालचं परदेशी मूल पालकाशिवाय येत असेल आणि तिथे पालकाकडेही जात नसेल, तर त्याच्यासाठी इमिग्रेशनकडून वेगळी सवलत मंजूर करून घ्यावी लागते. नुसत्या संमतीपत्रावर तिथे भागत नाही.

कॅनडा आणि अमेरिकेत प्रकार वेगळा आहे. अमेरिकेचं सीमाशुल्क खातं नोटरीसमोर सही केलेलं इंग्रजी पत्र जवळ ठेवण्याची शिफारस करतं, सक्ती करत नाही. कॅनडाचं सरकारही आपल्या मुलांना असं पत्र देऊन पाठवा म्हणतं आणि त्यासाठी नमुनाही पुरवतं, पण कायद्याची सक्ती तिथेही नाही. "सक्ती नाही" याचा अर्थ "विचारणार नाहीत" असा काढू नका. अधिकाऱ्याला शंका आली तर तो मुलाला बाजूला बसवून चौकशी करू शकतो, आणि तोवर पुढचं विमान निघून जातं.

ब्रिटनच्या व्हिसामध्ये एक खाच आहे. मुलाच्या पर्यटक व्हिसावर ते "सोबत मोठ्यांसह" प्रवास करणार की "एकटं", हे नोंदलेलं असतं. मोठ्यांसह असेल तर कोणाबरोबर हेही त्याच व्हिसाशी बांधलेलं असतं. ऐनवेळी मामाऐवजी मावशी सोबत निघाली आणि नुसतं पत्र बदललं, तर व्हिसा आणि प्रत्यक्ष यांचा मेळ बसत नाही आणि प्रवेश नाकारला जाऊ शकतो.

मजकूर

पत्र एका पानाचं असावं. दुसरं पान आलं की पान बदलल्याची शंका येते आणि नोटरीला दोन्ही पानांवर शिक्के मारावे लागतात. भाषा इंग्रजी किंवा ज्या देशात जायचं तिथली. मराठीतला मसुदा आधी घरात सगळ्यांनी वाचावा म्हणून खाली देत आहोत, याच क्रमाने त्याचं भाषांतर करून घ्या.

"आम्ही, (आईचं पूर्ण नाव, पासपोर्ट क्रमांक) आणि (वडिलांचं पूर्ण नाव, पासपोर्ट क्रमांक), खालील मुलाचे कायदेशीर पालक आहोत: (मुलाचं पूर्ण नाव), जन्म (तारीख) रोजी (ठिकाण, देश), पासपोर्ट क्रमांक (…), देणारा देश (…), (तारीख) पर्यंत वैध.

हे मूल (सोबतच्या व्यक्तीचं पूर्ण नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक), मुलाशी नातं (…), यांच्यासोबत (निघण्याची तारीख) ते (परतण्याची तारीख) या काळात (देश, आणि वाटेतले देश) येथे (सहल / नातेवाइकांना भेट / स्पर्धा) यासाठी प्रवास करत आहे. मुक्काम (पूर्ण पत्ता, फोन) येथे असेल. या प्रवासास आमची संमती आहे. मूल वरील परतीच्या तारखेला (देश) येथे परत येईल.

प्रवासात तातडीच्या वैद्यकीय उपचारांसाठी संमती देण्याचा अधिकार आम्ही वरील व्यक्तीस देत आहोत.

शंका असल्यास आमच्याशी या क्रमांकांवर संपर्क साधावा: (आई), (वडील). पत्ता (…), ई-मेल (…)."

खाली दोघांच्या सह्या, नावं, तारीख, ठिकाण. मग नोटरीसाठी किमान चार बोटं मोकळी जागा सोडा. ती सोडली नाही तर शिक्का मजकुरावर पडतो आणि नेमका पासपोर्ट क्रमांकच वाचता येत नाही.

नावं पासपोर्टात जशी आहेत तशीच, अक्षर न अक्षर. पासपोर्टच्या फोटो असलेल्या पानावर तळाशी यंत्राने वाचायच्या दोन ओळी असतात, स्पेलिंग आणि क्रमांक त्यांच्याशी ताडून घ्या. शून्य आणि इंग्रजी ओ हे अक्षर यांची अदलाबदल ही इथली ठरलेली चूक. जन्मदाखल्यावर वडिलांचं नाव मधे आहे आणि पासपोर्टात नाही, असं असेल तर पत्रात पासपोर्टचं नाव घालून "जन्मदाखल्यावर नोंद अशी" हे एका ओळीत लिहा.

तारखांत महिना अक्षरांत लिहा. ०५/०६ हे कुठे पाच जून वाचलं जातं, तर कुठे सहा मे.

परतीची तारीख तिकिटापेक्षा तीन-चार दिवस पुढची धरा, आणि पत्रात "विमान रद्द झाल्यास किंवा आजारपणामुळे या तारखेपर्यंत" असं स्पष्ट म्हणा. नाहीतर विमान एक दिवस लांबलं तरी पत्राची मुदत संपलेली असते. पण तारीख कोरी सोडू नका, आणि "कधीही, कुठेही" अशी मोघम संमती तर मुळीच देऊ नका. पालकांमध्ये तणाव असेल तर हे फारच महत्त्वाचं ठरतं. १९८० च्या करारानुसार मुलाला परत मागताना समोरची बाजू "तुम्हीच संमती दिली होती" असा बचाव घेऊ शकते. पत्रात परतीची तारीख आणि देश ठळक असतील तर संमती किती दिवसांची होती हे कागदच सांगतो. हा करार सोळा वर्षांखालच्या मुलांनाच लागू होतो आणि दोन्ही देश त्यात सामील असतील तरच कामी येतो, हेही लक्षात असू द्या.

फोन नंबर देशाच्या कोडसह लिहा आणि तो चालू असलेलाच द्या. आमच्या मते पत्रातली सर्वांत कामाची ओळ हीच. अधिकारी शंका फिटवण्यासाठी शिक्क्यापेक्षा फोनवर लवकर विश्वास ठेवतो.

सह्या आणि नोटरी

सही नोटरीसमोर करायची, घरून करून न्यायची नाही. नोटरी जे प्रमाणित करतो ते एवढंच: अमुक व्यक्ती माझ्यासमोर आली, ओळख पटवली, सही केली. मजकूर खरा आहे की नाही याची जबाबदारी तो घेत नाही. आधीच सही केलेला कागद नेला की चांगला नोटरी तो परत करतो आणि नवा कागद आणायला सांगतो.

दोन्ही पालकांनी एकाच वेळी जायला हवं असं नाही. एक पालक दुसऱ्या शहरात किंवा देशात असेल तर दोन स्वतंत्र पत्रं करा, मजकूर तोच ठेवा. परदेशात असलेला पालक तिथल्या नोटरीकडे किंवा आपल्या देशाच्या वकिलातीत जाऊन सही करू शकतो. मूळ कागद कुरिअरने यायला आठवडा धरा. ई-मेलने आलेली स्कॅन प्रत छापून नेली की कधी चालते, कधी चालत नाही. तिच्यावर विसंबून विमानतळ गाठू नका.

मूळ प्रती किमान दोन करा, तीन असल्या तर उत्तम. व्हिसाच्या अर्जाला एक मूळ प्रत जोडावी लागू शकते आणि ती परत येईलच असं नाही. शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) मूल पालकांशिवाय जात असेल तर वकिलात संमतीचा पुरावा मागू शकते, आणि अल्पवयीनाच्या अर्जावर पालकाची सही लागतेच. तो व्हिसाचा कागद आणि प्रवासात जवळ ठेवायचा कागद वेगळे. व्हिसा मिळाला म्हणजे संमतीचं काम झालं, असं समजून बरेचजण दुसरी प्रत करतच नाहीत.

खाडाखोड झाली तर व्हाइटनर लावू नका, नवीन छापा. मूळ पत्र लॅमिनेटही करू नका. उठावाचा शिक्का लॅमिनेशनखाली सपाट होतो, आणि मग अस्सल आहे की रंगीत झेरॉक्स हे बोटाने चाचपून कळत नाही.

अपोस्टिल: लागतं का, आणि कसं?

एका देशातल्या नोटरीचा शिक्का दुसऱ्या देशात कोण ओळखणार? त्यासाठी ५ ऑक्टोबर १९६१ चा हेग करार आहे. करारात सामील देशांत सरकारने ठरवलेलं कार्यालय कागदाला अपोस्टिल, म्हणजे त्यावरची सही आणि शिक्का खरे असल्याचं प्रमाणपत्र, जोडतं. ते ओळखायला सोपं: किमान नऊ सेंटिमीटर बाजूचा चौकोन, त्यात दहा क्रमांकित नोंदी, आणि माथ्यावर फ्रेंचमध्ये कराराचं नाव व तारीख. भारत २००५ पासून या करारात आहे. चीनमध्ये तो नोव्हेंबर २०२३ पासून लागू झाला, कॅनडात जानेवारी २०२४ पासून. समोरचा देश करारात नसेल तर आधी आपल्या परराष्ट्र खात्याचा शिक्का आणि मग त्या देशाच्या वकिलातीचा, असा लांबचा रस्ता घ्यावा लागतो.

थोड्या दिवसांच्या सहलीच्या पत्राला बऱ्याच देशांत अपोस्टिल लागत नाही, नोटरी पुरते. ज्या देशाच्या नियमात ते स्पष्ट लिहिलंय तिथेच करा, कारण त्यात वेळ आणि पैसा दोन्ही जातात. करायचं असेल तर प्रवासाच्या सहा आठवडे आधी सुरुवात करा. अपोस्टिल थेट नोटरीच्या सहीवर मिळेलच असं नसतं, मधे एखादी सरकारी पायरी असू शकते आणि नोटरीच्या सहीचा नमुना त्या कार्यालयाकडे नोंदलेला असावा लागतो. इथे कागद सर्वांत जास्त अडतात.

अपोस्टिल हे सही, सही करणाऱ्याचं पद आणि शिक्का एवढंच प्रमाणित करतं. त्यामुळे चुकीचा पासपोर्ट क्रमांक लिहिलेल्या पत्रालाही ते बिनबोभाट मिळतं. क्रमांक तपासून घ्यायची वेळ त्याच्या आधीची.

भाषांतर हवं असेल तर क्रम विचारून घ्या. काही देशांना मूळ कागद अपोस्टिलसह हवा असतो आणि त्या सगळ्याचं, म्हणजे अपोस्टिलचंही, शपथबद्ध भाषांतरकाराकडून भाषांतर लागतं. आधी भाषांतर आणि मग अपोस्टिल केलं तर कदाचित पुन्हा खर्च.

सोबत काय जोडायचं?

मुलाचा जन्मदाखला, ज्यात दोन्ही पालकांची नावं आहेत असा. आई किंवा वडील कोण हे पासपोर्टवरून दर वेळी कळत नाही, त्यामुळे पत्रावर सही करणारी व्यक्ती पालकच आहे हे हा दाखलाच सिद्ध करतो. सही करणाऱ्या दोघांच्या पासपोर्टच्या फोटोच्या पानांच्या प्रती, सहीचं पान वेगळं असेल तर तेही. पत्रातली सही आणि पासपोर्टवरची सही एकसारखी हवी. लग्नानंतर आईचं नाव बदललं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला. परतीचं तिकीट.

एकच पालक असेल तर

दुसऱ्या पालकाचा मृत्यू झाला असेल तर मृत्यूच्या दाखल्याची प्रमाणित प्रत. जन्मदाखल्यावर एकाच पालकाचं नाव असेल तर तोच दाखला पुरावा, पण पत्रात "जन्मनोंदीत दुसऱ्या पालकाचं नाव नाही" अशी ओळ घाला.

घटस्फोट झालेल्यांनी कोर्टाचा आदेश नीट वाचावा. ताबा एकाकडे असणं आणि परदेशी नेण्याची मुभा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काही आदेशांत ताबा एकाकडे दिलेला असतो, पण परदेशात नेण्यापूर्वी दुसऱ्याची लेखी परवानगी किंवा कोर्टाची मंजुरी लागेल असं कलम असतं. इंग्लंड आणि वेल्समध्ये मूल कोणाजवळ राहील याचा कोर्टाचा आदेश ज्याच्या नावाने आहे तो पालक मुलाला दुसऱ्याच्या परवानगीशिवाय २८ दिवसांपर्यंत देशाबाहेर नेऊ शकतो. हा हिशोब इतर देशांना लावू नका. आदेशाची प्रमाणित प्रत न्या, आणि तो लांबलचक असेल तर ताब्याचं व प्रवासाचं कलम असलेल्या पानांना खुणेची चिठ्ठी लावा. काउंटरवरचा माणूस चाळीस पानं वाचत बसणार नाही.

दुसरा पालक सापडतच नसेल किंवा सही द्यायला तयार नसेल तर त्याच्या वतीने कोणी सही करण्याचा विचारही नको. तो बनावट दस्तऐवज होतो. कोर्टाकडून या एका प्रवासापुरती परवानगी मागता येते. त्याला किती वेळ लागेल याचा अंदाज वकिलाकडून घ्या आणि मगच तिकीट काढा.

शाळेचा किंवा खेळाचा गट

वीस मुलांच्या यादीवर पालकांच्या सह्या गोळा करून एकच कागद नेणारे गट दिसतात. इमिग्रेशनमध्ये मुलं वेगवेगळ्या काउंटरवर जातात आणि यादी एकाच्याच हातात राहते. प्रत्येक मुलाचं पत्र स्वतंत्र करा. सोबतच्या शिक्षकाबरोबर दुसऱ्या शिक्षकाचंही नाव "किंवा" म्हणून घाला. पहिला आजारी पडला तर सगळी पत्रं बदलायची वेळ येणार नाही. संस्थेच्या लेटरहेडवर प्रवासाचा कार्यक्रम आणि चमूची यादी वेगळी न्या.

मूल एकटं विमानात बसणार असेल तर

एकट्या मुलासाठी विमान कंपन्यांची सशुल्क सेवा असते. बऱ्याच कंपन्यांकडे ती पाच ते अकरा वर्षांच्या मुलांना सक्तीची असते, त्यावरच्या वयाला ऐच्छिक. तिचा फॉर्म भरला म्हणजे संमतीपत्र झालं असा समज आहे, तो चुकीचा. फॉर्ममध्ये विमानतळावर कोण सोडणार आणि कोण घेणार एवढंच असतं, आणि तो कागद कंपनीच्या कामाचा. इमिग्रेशनला संमतीपत्र वेगळं दाखवावं लागतं. घेणाऱ्याचं नाव दोन्ही कागदांवर सारखंच असू द्या. ती व्यक्ती ओळखपत्र दाखवून सही करते तेव्हाच मूल ताब्यात मिळतं, नाव "बबलू काका" असं लिहिलेलं असेल तर मिळत नाही. सोडायला येणाऱ्यानेही विमान उडेपर्यंत विमानतळावर थांबावं.

प्रवासाच्या दिवशी

मूळ पत्र पासपोर्टबरोबर हातातल्या पिशवीत ठेवा. चेक-इन केलेल्या बॅगेत गेलं तर ते तुम्हाला इमिग्रेशन पार झाल्यावरच भेटेल. झेरॉक्सचा एक संच वेगळ्या बॅगेत, फोटो मोबाइलमध्ये, आणि एक प्रत घरी राहिलेल्या पालकाकडे ठेवा. न विचारता पत्र पुढे करू नका. पासपोर्ट द्या, विचारलं की पत्र द्या.

अधिकारी मुलालाही प्रश्न विचारतात: सोबत कोण आहे, कुठे चाललास, आई कुठे आहे, कधी परत येणार? मुलाला उत्तरं पाठ करायला लावू नका, ती लगेच ओळखू येतात. कुठे जायचं आणि कधी परतायचं हे त्याला नीट सांगून ठेवलं असलं की पुरतं. सोबतच्याने मधे बोलू नये.

घरी राहिलेल्या पालकाने निघण्याच्या आणि उतरण्याच्या वेळा आपल्या घड्याळात मांडून त्या तासांत फोन जवळ ठेवावा, रात्रीचे तीन वाजलेले असले तरी. अनोळखी परदेशी नंबर उचलायचा. फोन सायलेंटवर नको आणि अनोळखी कॉल आपोआप नाकारण्याची सोय बंद करा. पत्र मूल परत घरी येईपर्यंत सांभाळून ठेवा, परतीच्या वाटेवरही तेच काउंटर असतात.